पाऊणकीवर चाललेली आमची दिंडी

आधीच सांगते, मी काही ट्रेकर वगैरे नाही. आम्ही लातूरकडची माणसं, चालणं आम्हाला नवीन नाही पण त्याला आम्ही ट्रेकिंग म्हणत नाही, पायी जाणं म्हणतो. आमचा 10-12 जणांचा एक गट आहे, दरवर्षी कोजागिरीला औशावरून तुळजापूरला पायी जातो. पाऊणशे किलोमीटर, दोन मुक्काम, कुणाचा नवस असतो कुणाचा नसतो. त्यामुळं जेव्हा पुण्यात शिकणाऱ्या भाच्यानं मोबाईलवर दाखवलं की वेल्स नावाच्या देशात अख्खा समुद्रकिनारा पायी चालता येतो, 2012 पासून सलग 1400 किलोमीटरची वाट आहे, गावागावातून जाते, पाट्याबिट्या लावल्यात, तेव्हा आमचे गुरुजी (झेडपीतून रिटायर, गटाचे अघोषित पुढारी) लगेच म्हणाले, मग आपल्याला 720 किलोमीटरचं कोकण काय फक्त आंबे खायला दिलंय का.

झालं. येळवस (वेळ अमावस्या) झाली की त्याच्या पुढच्या पौर्णिमेला निघायचं ठरलं, म्हणजे पौषात, थंडी पण असती आणि तुरी निघालेल्या असतात, ज्वारीला अजून वेळ असतो. केळशी ते गणपतीपुळे. 11 माणसं, त्यात 5 बाया, सगळ्यात लहान भाचा 22 चा आणि सगळ्यात मोठ्या आमच्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, 64. त्यांनी आयुष्यात समुद्र बघितला नव्हता. टीव्हीत बघितला होता.

गुरुजींनी एक्सेलमध्ये टाइमटेबल केलं होतं. सकाळी 7 ला निघणे, साडेनऊला नाष्टा, 12 पर्यंत 12 किलोमीटर, 4 ला मुक्काम. प्रिंट काढून प्रत्येकाला दिली, लॅमिनेशन करून. एवढं चांगलं नियोजन होतं आणि त्यात एक गोष्ट धरलीच नव्हती, ती म्हणजे समुद्र.

चतुर्दशीला संध्याकाळी पाचच्या आसपास आम्ही केळशीत उतरलो. लातूर-पुणे, पुणे-दापोली, दापोली-केळशी असा एसटीचा सगळा हिशोब, अंगाचं भरीत झालेलं. बॅगा टाकून तसंच किनाऱ्यावर गेलो तर आत्याबाई म्हणाल्या, "कुठंय गं समुद्र? लई लांब गेलाय की." खरंच लांब होता, ओली वाळूच वाळू पसरलेली आणि त्याच्यापलीकडं एक पांढरी रेघ. त्या जरा नाराजच झाल्या, मला वाटलं मोठा असंल म्हणाल्या. मग रात्री साडेदहाला ज्यांच्या घरी उतरलो होतो त्यांच्या पडवीत झोपलो असताना असा आवाज सुरू झाला की त्या उठून बसल्या, मला हलवून म्हणाल्या, "अगं पाणी घरात येयलंय का काय?" मी पण घाबरले खरं सांगायचं तर. आमच्याकडं पाण्याचा आवाज म्हणजे टँकर आल्याचा आवाज.

घरमालक काका जागेच होते. हसले. म्हणाले उद्या पौर्णिमा ना, उधाण असतंच, तुम्ही सकाळी किती वाजता निघणार? गुरुजींनी लॅमिनेशन दाखवलं. काकांनी चष्मा लावून सगळं वाचलं आणि परत दिलं, आणि म्हणाले सर हे रस्त्यानं जायचं असेल तर चांगलं आहे, पुळणीवरनं, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूवरनं जायचं असेल तर घड्याळ नाही बघायचं, तिथी बघायची. तिथीला पाऊणकी लावा. जे येईल त्या वाजता भरती.

आता पाऊणकी हा शब्द ऐकून आम्ही सगळे तोंडाकडं बघायलो, भाच्याला तर पाव-पाऊण यातला फरकच माहीत नाही, पण आत्याबाई अंधारातून म्हणाल्या, "एक पाऊण पाऊण, दोन पाऊण दीड, तीन पाऊण सव्वादोन, चार पाऊण तीन." शाळा चौथीपर्यंतच, पण वडलांनी पावकी-निमकी-पाऊणकी, म्हणजे पाव-अर्ध्या-पाऊणचे पाढे, बडवून पाठ करून घेतलेली, आडतीवर फसू नये म्हणून. साठ वर्षांत पहिल्यांदा उपयोगाला आली म्हणाल्या.

तर हिशोब असा. पौर्णिमा म्हणजे पंधरावी तिथी, पंधरा पाऊण सव्वाअकरा. सव्वाअकराला भरती. त्याच्या सहा तास आधी आणि सहा तास नंतर ओहोटी, कोकणात सुकती पण म्हणतात. म्हणजे पहाटे पाचला पाणी सगळ्यात लांब. पौर्णिमा संपली की परत एकपासून मोजायचं. रोज भरती साधारण पाऊण तास पुढं सरकते कारण चंद्र रोज तेवढा उशिरा उगवतो. अर्धा तास इकडंतिकडं होतं, मोबाईलवर नीट तक्ते पण मिळतात, पण रेंज गेली की पाऊणकीच. आणि चालणाऱ्याला हे का पाहिजे तर ओहोटीच्या वेळी जी ओली घट्ट वाळू उघडी पडती ना, ती डांबरी रस्त्यासारखी लागते, आणि भरतीला ती पाण्याखाली जाती मग वरची कोरडी भुसभुशीत वाळू उरते, तिच्यात दोन किलोमीटर चाललात तर पिंढऱ्या अशा शिव्या देतात की विचारू नका. चार किलोमीटर म्हणजे आमच्याकडच्या नांगरलेल्या रानात चालल्यासारखं.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला निघालो. पौर्णिमेचा चंद्र पश्चिमेला समुद्रावर टेकलेला, पाठीमागनं हळूहळू उजाडायलेलं, ओल्या वाळूवर चप्पल काढून सगळे. तुळजापूरला अनवाणी चालायची सवय असल्यानं पायाचं काही वाटलं नाही. एक मात्र कुणी सांगितलं नव्हतं, किनारा सपाट नसतो, समुद्राकडं उतरता असतो, त्यामुळं दक्षिणेला चालताना डावा पाय सारखा वर आणि उजवा खाली. तिसऱ्या दिवशी सगळ्यांची उजवी कंबर धरली. परतीच्या दिशेनं चालून फिटंफाट करावी म्हणला भाचा.

केळशीची पुळण संपली की उटंबरचा डोंगर चढायचा, मग आडे, पाडले, आणि आंजर्ले. असंच आहे सगळीकडं. किनारा सलग नाहीच. दोन-तीन किलोमीटर वाळू, मग खडकाचं नाक समुद्रात घुसलेलं, ते चढून वर सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर जायचं, परत जांभ्या चिऱ्यांच्या पाखाडीनं खाली गावात, मग खाडी. पाखाडी म्हणजे पायऱ्यापायऱ्यांची दगडी वाट, दोन्ही बाजूला गडगे (दगडी कुंपणं), वर माडाची सावली, कुणाच्या तरी अंगणातून, कुणाच्या गोठ्यामागून. आमच्या पांदणीची श्रीमंत बहीण म्हणा. मला समुद्रापेक्षा पाखाड्याच जास्त आवडल्या, लिहून ठेवते. वर सड्यावर मात्र नुसतं वाळलेलं गवत आणि काळा-तांबडा कातळ, तिथं पोचल्यावर आमच्यातले अण्णा म्हणाले, हां, आता कसं घरी आल्यासारखं वाटायलंय.

आंजर्ल्याला एका ठिकाणी वाळूत जाळी लावून चौकोन केलेले दिसले, आत कासवाची अंडी. रात्री मादी येऊन घालून जाते, मग ती उचलून सुरक्षित ठेवतात, दीड-दोन महिन्यांनी पिल्लं निघाली की समुद्रात सोडतात. आम्हाला पिल्लं बघायला मिळाली नाहीत, जानेवारीत लवकर होतं. आत्याबाई जाळीला हात जोडून पुढं गेल्या.

दुसरा दिवस कड्यावरचा गणपती, खाली आंजर्ल्याची खाडी (आधी तरीतून, म्हणजे होडीतून जायचे, आता पूल आहे), आणि हर्णै. कड्यावरून सुवर्णदुर्ग दिसतो, पाण्यात बसलेला, म्हशीसारखा म्हणाले अण्णा. हर्णैला संध्याकाळी माशांचा लिलाव असतो, वाळूवरच. आमच्यात तिघं माळकरी, ते नाकाला उपरणं लावून लांब उभे, आणि बाकीचे आठ लिलावात मानपान विसरून घुसलेले. बोली लावायची पद्धत बघून अण्णा खूश, कारण त्यांचं आयुष्य लातूरच्या मार्केट यार्डात गेलं. म्हणाले सोयाबीनचा काय आणि सुरमईचा काय, पिकवणाऱ्याचा चेहरा भाव पुकारताना सारखाच होतो. त्या रात्री दोन चुलींवर दोन सैपाक झाले, आणि माळकऱ्यांनी आमच्याकडनं नेलेली शेंगाची चटणी आणि दशम्या काढल्या, सोलकढीबरोबर. सोलकढीला ते मठ्ठा म्हणत होते शेवटपर्यंत.

मुक्काम दापोलीजवळच्या मुरूडला. तिथं महर्षी कर्व्यांचं गाव म्हणून गुरुजींनी सगळ्यांना त्यांच्या पुतळ्यापाशी नेलं आणि जे सांगितलं ते मला माहीतच नव्हतं, की धोंडो केशव कर्वे पोरगं असताना परीक्षेला बसायला मुरूडहून साताऱ्याला पायी गेले होते, सोबत्यांबरोबर, कुंभार्ली घाट चढून. आणि तिथं पोचल्यावर हा वयानं लहान दिसतो म्हणून परीक्षेला बसूच दिलं नाही! 1858 चा जन्म, 104 वर्षं जगला माणूस, भारतरत्न मिळालं, पण मला आपलं तेच आठवत राहिलं की तेवढं चालून गेल्यावर नाही म्हणले तर परत येतानाचा घाट कसा उतरला असंल.

आणि ह्याच भाषणामुळं आमचा घोळ झाला. तिसरा दिवस, द्वितीया, दोन पाऊण दीड, म्हणजे दीडला भरती आणि साडेसातला ओहोटी. आत्याबाई सहाला तयार होऊन ओट्यावर बसलेल्या. पण गुरुजींचं भाषण, मग नाष्टा, मग फोटो, मग कुणाचा चार्जर राहिला, करत करत नऊ वाजले. कर्द्याच्या पुळणीवर तर गाड्या घातलेल्या लोकांनी, एक पांढरी एसयूव्ही चाकापर्यंत रुतलेली आणि चार जण ढकलायलेले, आमची पोरं पण लागली ढकलायला (लागूच नये असं माझं मत, किनारा म्हणजे काय पार्किंग आहे का). त्यात अजून अर्धा तास. पुढं लाडघरच्या बाजूला जाताना मधी खडकाचं नाक आहे, रस्ता वरून वळसा घालून जातो, पण गुरुजी म्हणाले खडकावरनंच जाऊ, समोर तर दिसायलंय. आत्याबाई म्हणाल्या, "सर, पाणी चढायलंय." गुरुजी म्हणाले अजून दोन तास आहेत.

दोन तास भरती पूर्ण व्हायला होते. पण पाणी काय शेवटच्या मिनिटाला येतं का एकदम? ते मधल्या दोन तासात सगळ्यात जोरात चढतं हे आम्हाला तिथं खडकावर कळलं. पुढं गेलो तर फटीत पाणी भरलेलं, मागं वळलो तर जिथनं आलो ती वाळू गायब. गुडघ्याएवढंच होतं, बुडायचं भ्या नव्हतं, पण लाट आली की कंबरेपर्यंत आणि खालचे दगड शेवाळ्यानं गुळगुळीत, वर शिंपल्यांच्या धारा. वैनी घसरल्या, हात सोलला. शेवटी भाच्यानं वर बघितलं, करवंदीच्या जाळ्यातून एक गुरांची वाट दिसली, तिथनं चौघं खाली चौघं वर करत एकेकाला ओढलं. गुरुजींची प्रिंट खिशातून पडून समुद्रात गेली. लॅमिनेट केलेली असल्यामुळं बुडंना, तरंगत राहिली बराच वेळ. कुणी हसलं नाही तेव्हा. रात्री हसलो.

त्या दिवसापासून विणा आत्याबाईंच्या गळ्यात. म्हणजे दिंडीत कसं विणेकरी पुढं आणि त्याच्या पुढं कुणी जायचं नाही, तसं. त्यांनी सांगितलं निघायचं की निघायचं, सांगितलं वरच्या रस्त्यानं की वरच्या रस्त्यानं. आणि यात एक फायदा असा झाला की सगळ्यात म्हातारं माणूस पुढं असल्यावर कुणाची धाप लागत नाही. गट करून चालणाऱ्यांनी हे एवढं करावंच. पोरं पुढं पळाली की शेवटचा माणूस विसाव्याला पोचेपर्यंत पुढच्यांचा विसावा संपलेला असतो, मागच्याला बसायलाच मिळत नाही, तुळजापूरच्या वाटंवर पण हीच भांडणं होतात.

बुरोंडी, कोळथरे. कोळथऱ्याच्या मुक्कामाचं एक सांगायचंय. घराच्या मागं विहीर, समुद्रापासून दोन-तीनशे पावलं असंल, आणि पाणी गोड. आत्याबाईंनी ओंजळीनं पिऊन बघितलं, परत पिऊन बघितलं. आम्ही ज्या गावचे त्या गावाला 2016 ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं होतं, आमच्या गल्लीत 700 फुटाच्या बोअरला फुफाटा लागलेला आहे, आणि इथं खारट समुद्राच्या काठावर 20 फुटावर गोड पाणी. घरच्या काकूंनी सांगितलं ते पावसाचंच पाणी, वाळूत मुरतं आणि खाली जे खारं पाणी असतं त्याच्यावर तवंगासारखं बसून राहतं, गोडं पाणी हलकं ना. पण मोटर लावून लई उपसलं की खालचं वर येतं आणि विहीर मचूळ होते, मग परत गोड व्हायला पावसाळे जावे लागतात. म्हणून त्या अजून रहाटानंच काढतात. शेजारच्या वाडीत नवीन रूम बांधल्यात पर्यटकांसाठी, 8 बाथरूम, तिथली झाली मचूळ. काकू हे सांगताना आवाज खाली करून सांगत होत्या, आमच्याकडं पण शेजाऱ्याच्या बोअरविषयी असंच बोलतात.

त्याच काकूंनी विचारलं, एवढं चालायलाय ते नवस आहे का काही? नाही म्हणलं. मग मुलाबाळाचं काही? नाही. मग बराच वेळ काही बोलल्या नाहीत आणि सकाळी निघताना प्रत्येकाच्या हातावर एक-एक नारळवडी ठेवली, आमच्यावर काहीतरी संकट आहे आणि आम्ही सांगत नाही असं त्यांनी ठरवूनच टाकलं होतं.

पाचव्या दिवशी आम्ही चीटिंग केली. दाभोळपर्यंत चाललो, चंडिकेचं दर्शन घेतलं (गुहेत आहे, आत अंधार, समईचा उजेड, वाकून जायचं), फेरीबोटीनं वाशिष्ठीची खाडी ओलांडून धोपावेला उतरलो आणि तिथनं गुहागरला रिक्षा. गुरुजी आणि दोन पोरं चालत आली, रात्री आठला पोचली, कुणाशी बोलली नाहीत. बोटीत ट्रक, दुचाक्या, कॉलेजच्या पोरी, टोपल्या आणि आमची दिंडी. अण्णांना वाटत होतं तो गाजलेला एन्रॉनचा वीजप्रकल्प दाभोळला दिसंल, तर नाव दाभोळचं पण प्रकल्प खाडीच्या पलीकडं गुहागर तालुक्यात. 2001 ला बंद पडला होता तेव्हा आमच्याकडं लोडशेडिंगच्या रात्री लोक त्याचं नाव घेऊन शिव्या द्यायचे, आणि आता त्याच्या शेजारनं रिक्षात बसून चाललो तर रिक्षावाला दादा पण लोडशेडिंगच्याच गप्पा मारायलेला.

गुहागरला एक दिवस काढला. लांबलचक किनारा, सुरूची झाडं, व्याडेश्वर. फोडांना सुई-दोरा, खोबरेल तेल. इथं एकच सांगते की जानेवारीत पण घाम येतो आणि वाळत नाही, आमच्याकडचं ऊन चटका देतं पण कोरडं असतं, हे ऊन चिकटतं. दोन जोड मोजे घेऊन गेलेल्यांचे हाल झाले. चार न्या. आणि बायांसाठी म्हणून लिहिते, मधल्या वाटंवर संडासची सोय नसते, पण कुठल्याही घरी जाऊन काकू म्हणून हाक मारली तर कुणीच नाही म्हणलं नाही, फक्त कुत्र्यांना आधी हाक मारावी लागती.

मधली कितीतरी घरं बंद. चांगली चिऱ्याची, कौलारू, अंगण झाडलेलं सुद्धा असतं पण दाराला कुलूप, माणसं मुंबईला, गणपतीला आणि शिमग्याला उघडतात म्हणे. आमच्या गावातली पण अर्धी आळी पुण्यात आहे. फरक एवढाच की आमची बंद घरं पडतात, यांची शेजारी झाडून ठेवतो.

सातव्या दिवशी वेळणेश्वर करून हेदवीला. तिथं बामणघळ बघायची लई हौस होती सगळ्यांना, खडकाला अरुंद भेग आहे, भरतीला लाट आत घुसून उंच कारंजं उडतं. षष्ठी, सहा पाऊण साडेचार, बरोबर साडेचारला आम्ही हजर, मोबाईल धरून 11 माणसं. आणि उडालं काय तर तांब्याएवढं पाणी. भुस्स. परत भुस्स. तिथं बसलेल्या एका पोरानं सांगितलं आज भांगाचं पाणी आहे ना. म्हणजे पौर्णिमा-अमावस्येला उधाण, पाणी जास्त चढतं आणि जास्त उतरतं, आणि अष्टमीच्या आसपास भांग, पाणी मधल्या मधीच हलतं. पाऊणकी भरतीची वेळ सांगती, भरती केवढी ते सांगत नाही. आत्याबाईंना हे जरा लागलं असावं, त्या रात्री त्यांनी काकांचा फोन मागितला, ते केळशीवाले, आणि त्यांच्याशी पंधरा मिनिटं उधाण-भांगावर बोलल्या. उपवासाच्या तिथ्यांपलीकडं पंचांगात एवढं असतं हे बेणं कुणी सांगितलंच नाही म्हणाल्या.

तवसाळला परत फेरीबोट, पलीकडं जयगड. मालगुंडला केशवसुतांचं घर-स्मारक, तिथं भाच्यानं शाळेतली तुतारीची कविता म्हणायचा प्रयत्न केला, दोन ओळींत गाडी अडकली, पुढची गुरुजींनी पूर्ण केली आणि गुरुजींचा रुसवा तिथं सुटला एकदाचा. आणि नवव्या दिवशी, अष्टमीला, गणपतीपुळे. पुळे म्हणजे पुळणच. भर दुपारी बाराला पोचलो कारण आठ पाऊण सहा, सहाला भरती, बाराला ओहोटी, उन्हात डोकं तापलेलं पण पायाखाली घट्ट वाळू. सगळं मिळून सव्वाशेच्या आसपास किलोमीटर भरलं, रिक्षाचे वजा करून.

देवळामागची अख्खी टेकडीच देव मानतात म्हणून प्रदक्षिणा टेकडीला घालायची, किलोमीटरभर आहे. आमच्यातल्या चौघांनी सांगितलं आता एक पाऊल पण नाही. आत्याबाई गेल्या. परत आल्या तेव्हा हातात आइसफ्रूट होतं.

पुढच्या वर्षी येळवशीनंतर गणपतीपुळे ते विजयदुर्ग असं चाललंय. गुरुजींनी नवीन एक्सेल केलंय, त्यात तिथीचा कॉलम आहे आणि त्याला पाऊणचा फॉर्म्युला टाकलाय, 0.75 नं गुणायचा. आत्याबाईंनी तो तपासून द्यायचाय म्हणून गेल्या आठवड्यापासून ती प्रिंट आमच्या फ्रिजवर लावलेली आहे. लॅमिनेशन नको म्हणाल्यात.